‘नेब्रास्का’ला घरगुती रेकॉर्डिंगचा धडा म्हणणं बंद करा

लाकडी_खोका:
अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘नेब्रास्का’ अल्बमचं (१९८२) नाव घेऊन कोणीतरी सांगतंच, की खोलीत दोन माइक लावा, झाला अल्बम. साफ चूक. न्यू जर्सीत कोल्ट्स नेकच्या भाड्याच्या घरात टीॲक १४४ हे चार ट्रॅकचं कॅसेट यंत्र आणि दोन शुअर एसएम५७ माइक होते. दोन ट्रॅकवर गिटार आणि गळा, उरलेल्या दोनवर हार्मोनिका, दुसरा आवाज वगैरे. इथवर ठीक. पण मिक्स (चारही ट्रॅक एकत्र करून) उतरवलं कुठे? एकोप्लेक्स या इको-यंत्राचा इको घालून, आधी पाण्यात पडलेल्या पॅनासॉनिकच्या बूमबॉक्सवर! ती कॅसेट मग डबीशिवाय खिशात फिरली. बँडला गाणी ऐकवण्यापुरता डेमो होता तो. त्यातून अल्बम निघाला तो पुढे निस्तरणाऱ्यांमुळे.

भैरवी_ते_ब्लूज:
असहमत. निस्तरावंसं का वाटलं, ते सांगा की. १९८२च्या वसंतात न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत त्याच्या ई स्ट्रीट बँडसह यातली बरीच गाणी वाजवून झाली होती. खोली उत्तम, माइक उत्तम, तरी कॅसेटच जिंकली. ड्रमच्या वर आवाज काढायचा म्हटला की गायक जोर लावतो, आणि या गाण्यांतली माणसं पुटपुटणारी आहेत. शिवाय गिटार-गळा एका दमात घेतले की एकाच्या माइकात दुसरा झिरपतो, नुसता गळा बदलायची सोय राहत नाही. बँडची ध्वनिमुद्रणं ऑक्टोबर २०२५ मध्ये बाहेर आलीत, लावून बघा.

सुईवाला:
दोघेही तबकडी विसरलात. खरा घोळ तिथे झाला. डाव्या-उजव्या वाहिनीत जे सारखं असतं ते सुईला आडवं हलवतं, उलट्या फेजचं (एकीकडे लाट वर तेव्हा दुसरीकडे खाली) असतं ते वर-खाली. त्यामुळे खोबण कुठे खोल होते, कुठे उथळ, आणि उथळ जागी सुई उडते. अनेक प्रयत्न फसल्यावर अटलांटिक स्टुडिओत मास्टरिंग इंजिनिअर डेनिस किंगने आवाजाची पातळी खाली ठेवून खोबण कापली, तेव्हा कुठे जमलं. पातळी खाली म्हणजे तबकडीची खरखर वर. पहिली बाजू सुमारे २५ मिनिटांची, दुसरी सुमारे १५ची. नुसती कॅसेटच विकावी असाही विचार झाला होता. (तो अमलात यायला हवा होता, असं माझं पापी मत.)

लाकडी_खोका:
@सुईवाला, हेच तर म्हणतोय! इको मिक्समध्ये मुरला की काढता येत नाही. आज करायचं तर कोरडे ट्रॅक जपा: डिजिटल २४ बिट, आवाजाची शिखरं उणे १० डेसिबलच्या आसपास, इको वेगळ्या ट्रॅकवर. गळ्याचा माइक तोंडापासून १५ सेंमीवर असेल तर गिटारचा माइक त्यापासून निदान ४५ सेंमी लांब. मग मिक्स मोनोत (दोन्ही वाहिन्या एक करून) ऐका. गळा पातळ झाला, तर फेज बिघडलीय.

भैरवी_ते_ब्लूज:
मोनोचं मान्य. पण कोरडे ट्रॅक हाताशी असले की माणूस सहा महिने घोळ घालत बसतो. टीॲकच्या त्या यंत्रात कॅसेट दुप्पट वेगाने, सेकंदाला ९.५ सेंमी, आणि एकाच दिशेने चालते. ६० मिनिटांच्या कॅसेटवर १५ मिनिटं! पन्नास टेक साठवून ‘नंतर निवडू’ ही चैनच नाही. चारही ट्रॅक भरले की निर्णय तिथल्या तिथे. तुम्ही ज्याला चूक म्हणताय ती मला शिस्त वाटते.

काठावरचा:
प्रकाशनाचं काय? ३० सप्टेंबर १९८२ला अल्बम आला, दौरा नाही, ‘अटलांटिक सिटी’च्या कृष्णधवल व्हिडिओत गायक स्वतः नाही. तरी अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. पण त्याआधीचा ‘द रिव्हर’ पहिल्या क्रमांकावर होता राव! ती पुण्याई गाठीशी नसलेल्याने दौऱ्याविना अल्बम काढला, तर तो ऐकणार कोण?

भैरवी_ते_ब्लूज:
विकला किती जाईल हा निराळा धागा काढा. इथे मुद्दा ध्वनीचा आहे.

सुईवाला:
ध्वनीचाच असेल तर एवढं करा: विनाइल काढणार असाल, तर टेस्ट प्रेसिंग (नमुना तबकडी) घरातल्या सगळ्यात स्वस्त टर्नटेबलवरही वाजवा. महागड्या टोनआर्मवर (सुईच्या दांड्यावर) न उडणारी सुई तिथे उडते.