आयगेन व्हॅल्यू काढण्याआधी कडा बघा

वर विचारलंय, की ॲल्युमिनियम-ॲल्युमिना एफजीएम प्लेटचा (जाडीत एका बाजूच्या धातूपासून दुसऱ्या बाजूच्या सिरॅमिकपर्यंत हळूहळू बदलत जाणारी प्लेट) आयगेन व्हॅल्यूवरून काढलेला बकलिंग लोड (ज्या दाबाला सपाट प्लेट एकदम बाहेर वाकते तो) आणि नॉनलिनियर रनचा (दाब टप्प्याटप्प्याने वाढवत वाकणं मोजणाऱ्या गणनेचा) आलेख जुळत का नाहीत. मेश (गणनेसाठी प्लेटवर आखलेली जाळी) बारीक करून काही होणार नाही, घोळ कडांमध्ये आहे.

ॲल्युमिनियमचा ई (यंग मॉड्युलस, म्हणजे ताठरपणा) ७० गिगापास्कल, ॲल्युमिना या सिरॅमिकचा ३८०. पॉवर लॉचा (जाडीत मिश्रण कसं बदलतं ते सांगणाऱ्या सूत्राचा) घातांक १ धरला तर न्यूट्रल सरफेस (जिथून दाब दिला तर प्लेट वाकत नाही ते पृष्ठ) मध्यपृष्ठापासून सिरॅमिकच्या बाजूला साधारण ०.११५ एच (एच म्हणजे जाडी) इतकी सरकते, म्हणजे १० मिमी जाडीत १.१५ मिमी. तुम्ही दाब मध्यपृष्ठावर देताय. तिथेच मोमेंट (वाकवणारा जोर) तयार होतो आणि सिंपली सपोर्टेड कड (नुसती टेकवलेली, फिरायला मोकळी) तो पेलू शकत नाही, त्यामुळे प्लेट पहिल्या न्यूटनपासूनच वाकते. बाभळीच्या वाकड्या खांबावर ओझं ठेवल्यासारखं. मग बायफर्केशन (सपाट अवस्थेतून अचानक वाकण्याचा फाटा) कुठून येणार? सॉफ्टवेअर मात्र विचारलं की आकडा देतंच! क्लॅम्प्ड कड (घट्ट जखडलेली) तो मोमेंट स्वतःवर घेते, प्लेट सपाट राहते, आणि तिथे क्रिटिकल लोडला खरंच अर्थ आहे. दाब न्यूट्रल सरफेसमधून दिलात तर सिंपली सपोर्टेडलाही बायफर्केशन परत मिळेल. करून बघा, अंतरं त्या पृष्ठापासून मोजली की बी मॅट्रिक्स (दाब आणि वाकणं यांना जोडणारा) शून्य होतो.

५/६ च्या शिअर करेक्शनवर (जाडीतल्या कातर-ताणासाठी लावायचा दुरुस्तीचा गुणक) वर बराच वाद झालाय. तो आकडा एकजिनसी छेदाचा, इथे तंतोतंत लागू नाही हे खरं. पण लांबी जाडीच्या १०० पट असेल तर फरक नगण्य. जाड प्लेटला थर्ड ऑर्डर थिअरी (जिला असा गुणक लागत नाही) घ्या.