चाकू, घडीची करवत आणि सुतळी : पहिली वस्तू कोणती करावी?

नवशिका
गेले दोन महिने मी सुट्टीच्या दिवशी छाटणीत निघालेल्या ओल्या फांद्या तासून लहानसहान वस्तू करून पाहत आहे. माझ्याकडे दहा सेंटिमीटर पात्याचा, न मिटणारा चाकू, घडीची करवत आणि सुतळीचा एक गुंडा एवढेच साहित्य आहे. पहिली वस्तू म्हणून मी चमचा करायला घेतला. बाहेरचा आकार बरा जमला. मात्र खळगा कोरताना चाकूचे टोक सारखे निसटत होते, आणि रात्री खिडकीत ठेवलेला तो चमचा सकाळी पाहतो तर दांड्यापासून टोकापर्यंत उभा तडकलेला. याच साहित्यात कोणत्या वस्तू कोणत्या क्रमाने कराव्यात, आणि कुऱ्हाड व वाकड्या पात्याचा चाकू यांवाचून खरोखरच अडते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ढलपी
तुम्ही अख्ख्या गोल फांदीचा चमचा केला असावा, आणि तसे असेल तर तो तडकण्यात तुमच्या हाताचा काहीच दोष नाही. ओले लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, पण वर्षवलयांच्या कडेकडेने ते जितके आटते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याच्या दिशेने आटते. त्यामुळे मधला गाभा शाबूत असलेल्या गोल तुकड्याला कुठेतरी फाटण्यावाचून गत्यंतर नसते. फांदी उभी चिरून दोन फाका कराव्यात, एका फाकेतला गाभा तासून टाकावा आणि उरलेल्या भागातून चमचा काढावा. काम अर्धवट राहिले तर तुकडा त्याच्याच ढलप्यांसह कागदी पिशवीत ठेवावा, म्हणजे तो सावकाश वाळतो. खिडकीतला वारा आणि ऊन ही त्याच्यासाठी सर्वांत वाईट जागा.

आता क्रमाविषयी. माझ्या मते पहिली वस्तू तंबूची मेख. अंगठ्यापेक्षा थोडी जाड, सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची सरळ फांदी घ्यावी. खालचे टोक चारही बाजूंनी तासून अणकुचीदार करावे. वरच्या टोकाची कड सभोवार उतरती करावी, नाहीतर दोन ठोके बसताच ते फुलते आणि फाटते. वरून चार-पाच सेंटिमीटर खाली करवतीने आडवा काप घ्यावा, पण तो जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नेऊ नये. मग खालच्या बाजूने चाकू तिरका चालवत त्या कापापर्यंत लाकूड काढत आणावे. चाकू कापाशी येऊन आपोआप थांबतो आणि दोरी अडकण्याजोगी खाच तयार होते. टोक काढणे, कड मारणे आणि कापापर्यंत तासत जाऊन थांबणे, या तिन्ही गोष्टी पुढच्या प्रत्येक वस्तूत लागतात, म्हणून अशा दहा मेखा कराव्यात.

त्यानंतर मोगरी करावी. मनगटाएवढ्या जाडीचा, हातभर लांबीचा ओंडका घेऊन त्याचा अर्धा भाग मुठीत मावेल इतका बारीक केला की झाली. मोगरी हाताशी आली की कुऱ्हाडीची अडचण बरीचशी संपते, कारण मनगटाएवढे लाकूड चाकूचे पाते आडवे ठेवून त्याच्या पाठीवर मोगरीने ठोकत सहज फोडता येते. मात्र पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असावे आणि लाकडात गाठ नसावी. गाठीत रुतलेले पाते बाहेर काढताना ते मोडण्याचा संभव फार.

निखारा
मेखा दहा करण्याचा सल्ला योग्य असला, तरी तिसऱ्या मेखेनंतर कोणालाही कंटाळा येईल, असे मला वाटते. मधेच एखादे उलथने करावे. त्यात खळगा नसतो आणि ते लगेच वापरता येते. खळग्यासाठी वाकडे पाते नसेल, तर निखाऱ्याने काम भागते. चमच्याच्या तोंडाशी हरभऱ्याएवढा लाल निखारा ठेवून तो काडीने दाबून धरावा, पोकळ दांडीतून हळूहळू फुंकावे, आणि लाकूड जळून काळे झाले की निखारा झटकून कोळसा चाकूच्या पाठीने खरवडावा. घाईने फुंकले की कड जळते. माझ्या पहिल्या चमच्याची डावी कड अशीच गेली. खाण्याच्या वस्तूसाठी कण्हेरीसारख्या विषारी झाडाचे लाकूड कधीही घेऊ नये. झाड ओळखता येत नसेल, तर त्या फांदीची मेखच करावी.

सहाण
वरचे सर्व मान्य, पण टोक निसटते याचे एक कारण बोथट धारही असू शकते. बोथट चाकूला जोर जास्त लागतो, आणि जोर लावलेला हात सुटला की कुठे जाईल याचा नेम नसतो. कागदाचा पातळ तुकडा हवेत धरून कापून पाहावा. तो फाटत असेल, तर लाकडाला हात लावण्याआधी चाकू दगडावर पाजवावा. आणखी एक गोष्ट: मांड्यांमध्ये लाकूड धरून कधीही तासू नये. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी जाते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला काम करावे.

पीळ
सुतळी विकत घेतलेली दिसते. ती संपल्यावर दोरी वळून पाहावी. त्याला तर चाकूही जेमतेम लागतो. कोणत्याही चिवट सालीचे ओलसर धागे घेऊन मध्याजवळ, पण मुद्दाम थोडे एका बाजूला दुमडावेत, म्हणजे दोन्ही पदरांचे जोड एकाच ठिकाणी येत नाहीत. वरच्या पदराला स्वतःपासून दूर पीळ द्यावा आणि तोच पदर दुसऱ्यावरून आपल्याकडे आणावा. दोन उलट पीळ एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून दोरी सुटत नाही.

नवशिका
सर्वांचे आभार. सात मेखा झाल्या. चौथीत गाठ लागली, ती टाकून दिली. मोगरीने फांदी चिरली तेव्हा गाभा पेन्सिलीच्या शिशासारखा मधोमध स्पष्ट दिसला. नवा चमचा ढलप्यांसह पिशवीत असून मी त्याचे रोज वजन करतो. पहिल्या दिवशी ६८ ग्रॅम भरले होते, काल ४३ आणि आजही ४३. तडा अजून गेलेला नाही, त्यामुळे उद्या निखारा ठेवून पाहीन.