सेतीचं उठावाचं काम, रामसेसचं खोदीव काम: घसरण की शहाणपण?

उठावप्रेमी: प्राचीन इजिप्तमधलं राजा सेती पहिल्याचं (इ.स.पू. सुमारे 1290–1279) अबायडॉसचं मंदिर आतून बघा, भिंतींवरची शिल्पं उठावाची, म्हणजे भिंतीतून पुढे आलेली. बारीक कणाच्या चुनखडीवर उठाव जेमतेम काही मिलिमीटर, पण गालाची गोलाई, वस्त्राच्या चुण्या सगळं त्यात उतरलंय. उठावात आकृती सोडून अख्खी पार्श्वभूमी छिन्नीने उतरवून एका पातळीत आणावी लागते. मुलाने, रामसेस दुसऱ्याने, बाहेरचं काम खोदीव पद्धतीने पुरं केलं: कड आत कापायची, भोवतीची भिंत तशीच. ही घसरणच.

गेरू: अजिबात नाही. बाहेरच्या कडक उन्हात तुमचा मिलिमीटरभर उठाव सपाट दिसतो. खोदलेल्या कडेत सावली पडते आणि आकृती लांबूनही वाचता येते. आत उठाव, बाहेर खोदीव ही वाटणी जुन्या राज्याच्या, म्हणजे पिरॅमिडांच्या काळापासूनची आहे.

उठावप्रेमी: मग कर्नाकच्या मंदिरातलं खांबांचं दालन? दगड तिथे वालुकाश्म, पण वर छप्पर होतं. रामसेसने आधी उठाव करवला आणि नंतर स्वतःचीच शिल्पं खोदीव करून घेतली. तिथे ऊन कुठून आणणार?

छिन्नी: तिथे राजाला आपलं नाव टिकवायचं होतं, असं मला वाटतं. उठावातलं नाव तासून त्यावर दुसरं कोरता येतं. खोल नाव बुजवायला जिप्सम भरावं लागतं. ते पुढे गळून पडतं आणि जुनी अक्षरं उघडी होतात. पुढच्या काळातल्या रामसेस तिसऱ्या राजाने मेदिनेत हाबूच्या आपल्या मंदिरात नावं कित्येक सेंटिमीटर खोल कोरवली, ती का?

गेरू: आणि कसब संपलं म्हणता, तर रामसेसच्याच राणीची, नेफरतारीची कबर बघा. तिथला दगड भेगाळ, छिन्नी मारली की ढलपे निघणार. म्हणून जाड गिलावा देऊन त्यात उठाव घडवला आणि वर रंग चढवला. नुकसान झालं ते क्षारांनी: ओल आली की मीठ विरघळतं, सुकताना गिलाव्यामागे स्फटिक धरतात आणि रंगासकट पापुद्रा सुटतो. 1986 ते 1992 दुरुस्ती चालली, ती मुख्यतः असे पापुद्रे पुन्हा चिकटवण्याची.

उठावप्रेमी: कसब होतं, हे नेफरतारीपुरतं मान्य. पण सेतीच्या आधीच्या होरेमहेब राजाच्या अर्धवट कबरीत लाल आखणी, काळ्या रेघेची दुरुस्ती, मग छिन्नी, असे टप्पे भिंतीवर तसेच दिसतात. खोदीव कामातही ही आखणी लागतेच. वेळ वाचतो तो फक्त पार्श्वभूमीचा, आणि कर्नाकला नेमका तोच वाचवलाय.