रिलोडिंग प्रेस अडतोय, कंपनी दाद देत नाही. कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, हा धागा अमेरिकेत राहणाऱ्या नेमबाजांसाठी आहे. भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली सरळ गुन्हा आहे, त्यामुळे "आपल्याकडे हे यंत्र कुठं मिळेल" असं कृपया कुणी विचारू नका.

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या ओहायोत कोलंबसजवळ. रिलोडिंग म्हणजे झाडलेली काडतुसं घरी पुन्हा भरणं, आणि त्याचं यंत्र म्हणजे प्रेस. क्लबात दर महिन्याला पिस्तुलाची मॅच असते, सराव धरून ९ मिमीच्या चार-पाचशे गोळ्या सहज उडतात. २०२० च्या टंचाईत दुकानांची फडताळं रिकामी पडली, तेव्हा क्लबातल्या म्हाताऱ्यांनी धरून बसवलं आणि शिकवलं. झाडलेल्या पुंगळ्या वेचायच्या, घासून-पुसून मूळ मापात आणायच्या, नवा प्रायमर (बुडाशी बसणारी ठिणगीची टोपी), पावडर, वर गोळी. (आईला फोनवर सांगताना मी 'पावडर' म्हणतो. 'दारू भरतो' म्हटलं की पलीकडे शांतता पसरते.)

काही वर्षं एका वेळी एकच काम करणाऱ्या साध्या प्रेसवर भरली. गेल्या उन्हाळ्यात गावातले एक आजोबा वारले, त्यांच्या बायकोनं गॅरेजमधलं सामान विकायला काढलं, त्यात पाच स्टेशनांचा प्रोग्रेसिव्ह प्रेस मिळाला, म्हणजे हँडलच्या एका फेरीत सगळ्या स्टेशनांवर एकदम काम करणारा. नामांकित कंपनीचा आहे. नाव लिहीत नाही, उगाच इथं रणकंदन नको.

अडचण अशी. हँडल एकदा खाली-वर केलं की शेल प्लेट (पुंगळ्या धरणारी फिरती चकती) एक घर पुढे सरकून तिच्याखालचा छर्रा, म्हणजे स्प्रिंगवरची बारीक पोलादी गोळी, खाचेत 'टक्' करून बसायला हवा. माझी प्लेट वीस-पंचवीस गोळ्यांमागे एकदा केसभर अलीकडेच थांबते. टक् ऐकू येत नाही. लक्ष नसेल तर पुंगळीचं तोंड डायच्या (वरच्या साच्याच्या) कडेला लागून चेपतं. ते एक वेळ परवडलं. पण हँडल अर्ध्यावरून मागे घेतलं की कुठल्या पुंगळीत पावडर पडली आणि कुठल्या नाही, याचा पत्ता राहत नाही. झटपट जळणारी पावडर ९ मिमीच्या पुंगळीत निम्म्याहून कमी जागा घेते. दोनदा पडली तरी उतू जात नाही.

कंपनीला पहिली ईमेल केली, उत्तर नाही. दहा दिवसांनी दुसरी केली, तर छापील उत्तर आलं: फोटो पाठवा. फोटो पाठवले. मग आलं: मूळ खरेदीची पावती पाठवा. मी दुसरा मालक, पावती कुठून आणू? शेवटची ईमेल म्हणते, अख्खा प्रेस स्वखर्चानं कारखान्यात पाठवा. एवढं लोखंड पाठवायचं म्हणजे पुन्हा एक प्रेस घेतल्यासारखंच.

प्रश्न असे: वापरलेल्या मालावर तहहयात वॉरंटी खरंच लागू होते का? यांच्याशी बोलायची काही वेगळी रीत आहे का? आणि बदलायचाच झाला तर सेवेच्या बाबतीत तुमचा अनुभव कुठल्या कंपनीचा चांगला?

– पंचगंगाकाठचा

बारामतीकर: ईमेल सोडा, फोन करा. सकाळी कचेरी उघडल्या-उघडल्या, आणि प्रेससमोर उभं राहून. ईमेल वाचणारा आणि फोन उचलणारा ही दोन वेगळी माणसं असतात. फोनवरच्याचे हात बहुतेक वेळा ग्रीसनं माखलेले असतात, त्याला 'टक् होत नाही' एवढं म्हटलं तरी कळतं. मी एकदा 'वॉरंटी' हा शब्दही न उच्चारता नुसतं लक्षण सांगितलं, पिन घरपोच आली.

विदर्भ ते विस्कॉन्सिन: वॉरंटीचं म्हणाल तर सगळ्यांचं सारखं नाही. अॅरिझोनातल्या डिलन या प्रेस-कंपनीची ख्याती त्यावरच उभी आहे. त्यांच्या घरगुती प्रेसना मालक पहिला की चौथा हे ते बघत नाहीत. मात्र १०५० सारखी धंद्यासाठीची यंत्रं आणि विजेवर चालणारे भाग त्यात येत नाहीत, हे लोक विसरतात आणि मग बोंबलतात. आमच्या विस्कॉन्सिनमधल्या हार्टफर्डच्या ली कंपनीचा हिशेब वेगळा. मुळात वस्तू स्वस्त, हमी दोन वर्षांची. त्यानंतर चालू किमतीच्या निम्मे पैसे भरून जुनी वस्तू नव्यासारखी करून द्यायची त्यांची जुनी पद्धत. मला ती प्रामाणिक वाटते. १९५८ साली हातोडीनं ठोकून काडतूस भरायच्या छोट्या संचावर धंदा सुरू केलेली कंपनी आहे, तिच्याकडून राजेशाही थाटाची अपेक्षा मी करत नाही.

अजून एक. 'तहहयात' म्हणजे कुणाची हयात, हेही बघा. २०२४ मध्ये आरसीबीएस ही प्रेसवाली कंपनी हॉजडन या पावडरवाल्यांनी घेतली. मालक बदलला की वॉरंटीची पानं नव्यानं वाचावी लागतात.

कडक चहा: बाकी सगळं नंतर. तोवर त्या प्रेसवर एकही गोळी भरू नका. दुप्पट पावडरीनं पिस्तूल फुटतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. पावडरच नसेल तर काय होतं, तिकडे लक्ष जात नाही. नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत जाऊन अडकते, आवाज 'फुस्स' येतो, आणि मॅचच्या घाईत माणूस पुढची झाडतो. आमच्या रेंजवर फुगलेली नळी भिंतीला टांगून ठेवली आहे. आणि भरून ठेवलेली आधीची काडतुसं? त्यांचं काय केलंत?

पंचगंगाकाठचा: @कडक चहा, खरं सांगायचं तर ते लिहायला लाज वाटत होती. दोनशेच्या आसपास होती. वजन करून निवडायला बसलो, पण पुंगळ्याच वेगवेगळ्या कंपन्यांच्या, त्यांच्याच वजनात पावडरीपेक्षा जास्त फरक. काही कळेना. सगळी पुन्हा उघडून सुटी करायला घेतली आहेत. रोज जेवणानंतर वीस.

बारामतीकर: शाब्बास. आणि पाठवायची वेळ आलीच तर प्रेसच्या नळीतले प्रायमर आणि हॉपरमधली (वरच्या डब्यातली) पावडर आधी पूर्ण काढून टाका. ही स्फोटक वस्तू आहे, साध्या पार्सलात चालत नाही. पावतीसाठी त्या आजींना विचारलंत का?

पंचगंगाकाठचा: नाही हो. नवरा जाऊन वर्षही झालं नाही, पावती कुठल्या तोंडानं मागू?

विदर्भ ते विस्कॉन्सिन: शंकरपाळे घेऊन जा. पावती नाही मिळाली तरी आजींना बरं वाटेल.

नवखी पुणेकर: अवांतर प्रश्न, हसू नका. स्वप्नील कुसाळेंनी पॅरिसला कांस्य मिळवलं, ते लोक पण असंच घरी भरतात का?

कडक चहा: हसण्यासारखं काही नाही. त्यांची ५० मीटरची रायफल .२२ ची. तिच्यात ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो आणि झाडताना तीच कड चेपली जाते, म्हणून ती पुंगळी एकदाच. मधोमध वेगळा प्रायमर बसतो अशाच पुंगळ्या पुन्हा भरतात.

पंचगंगाकाठचा (अपडेट): मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा.

शंकरपाळे घेऊन गेलो. पावती नाहीच सापडली. पण आजींनी गॅरेजमधून कॉफीचा एक जुना डबा आणून दिला, "हेही त्याच यंत्राचं, टाकून देणार होते" म्हणाल्या. आत रबर बँडनं बांधलेल्या पुड्या, प्रत्येकीवर पेन्सिलनं नाव. एका पुडीत छर्रा आणि छोटी स्प्रिंग.

बारामतीकर काकांचं ऐकून सकाळी आठला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पावतीचं नावही काढलं नाही. "फोन प्लेटजवळ धर आणि हळू हँडल मार," म्हणाल्या. चार वेळा मारलं. पाचव्याला म्हणाल्या, "थांब, ही आमची स्प्रिंग नाही." उघडून पाहिलं तर खरंच, आजोबांनी कधीतरी बाहेरची मऊ स्प्रिंग घातली होती, प्लेटचा धक्का कमी बसावा आणि पावडर सांडू नये म्हणून. मूळची डब्यात जपून ठेवलेली. ती बसवली, प्लेटखाली साचलेला पावडरीचा भुगा ब्रशनं काढला. तीनशे वेळा रिकामा चालवला, तीनशे वेळा टक् झालं. बाईंनी वर दोन नव्या स्प्रिंगा पाकिटात घालून पाठवल्या, पैसे घेतले नाहीत.

प्रायमर अजून लावलेला नाही. या शनिवारी नुसती पावडर घालून पन्नास पुंगळ्या चालवीन, प्रत्येकीतली पावडर ओतून तोलीन, मग बघू.

आणि आज त्याच कंपनीची ईमेल आली आहे, त्याच जुन्या तक्रारीच्या क्रमांकावर: "आपले समाधान झाले का? १ ते १० पैकी गुण द्या." किती द्यावेत, सांगा.