घरचा ग्रुप: टक होतं, पण बोट चालू होत नाही

दादा, देवबाग (७:१०): बोटीचा स्टार्टर मेला वाटतं. चावी फिरवली की एकच टक, पुढे सामसूम. साडेआठला डॉल्फिनवाले सहाजण येतायत. पुण्याचे आहेत, म्हणजे वेळेवर येणार 😓

छोट्या, ठाणे: बॅटरी गेली. नवीन टाक.

दादा: दिवाळीत घेतलीय रे. मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवते.

आप्पा: छोट्याक गप रव्हाक सांगा. न्यूट्रलात आसा मां?

दादा: हो आप्पा. लिव्हर दोनदा पुढे-मागे केला. इंजिन बंद करायच्या लाल दोरीची क्लिप पण बसलीय. ती सुटली तरी आपल्या इंजिनात स्टार्टर फिरतोच, फक्त स्पार्क येत नाही.

काका, डोंबिवली: १२.६ हे नुसतं ठेवलेल्या बॅटरीचं झालं. चावी दाबून धरल्यावर किती दाखवते?

दादा: १२.४

काका: मग बॅटरीला दोष देऊ नका. बॅटरी मेलेली असती किंवा स्टार्टर जाम असता तर आकडा धाडकन १० च्या खाली आला असता. टक आला म्हणजे सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरला करंट जोडणारा स्विच, ओढतोय. करंट पुढे जात नाही, वाटेत कुठेतरी अडलाय.

छोट्या: सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर स्क्रूड्रायव्हर टेकव. व्हिडिओत पाहिलंय, लगेच फिरतो.

काका: अजिबात नको! बाजूला पेट्रोलची टाकी, ठिणगी उडते. शिवाय न्यूट्रलचं लॉक त्यात निकामी होतं. गियरमध्ये असेल तर बोट उडी मारेल.

वहिनी: आणि पाण्यात कोण पडणार? हेच.

काका: दादा, मीटरची एक पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर धर. वहिनीला चावी दाबायला सांग. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थच्या, म्हणजे इंजिन ते मायनस, वायरमध्ये घोळ.

दादा (७:४८): ८.३!!

काका: सापडला. आधी मायनस काढ, मग हात घाल.

दादा: पण काका, टर्मिनल चकचकीत आहेत. मे महिन्यात बोट वर काढली तेव्हा घासून व्हॅसलीन लावलं होतं.

आप्पा: भायरसून चकचकीतच दिसतला. खारा पाणी वायरीतून आत चढता. वायरीच्या टोकाक कडी आसा मां, त्या थिंबलाजवळ वाकवन बघ.

दादा (८:०५): 📷 आप्पा 🙏 काळं वेष्टन कापलं तर आत हिरवी पूड. अख्ख्या जाड वायरीतले चार-पाच तारच उरलेत.

ताई, चिपळूण: शी! बुरशी लागलेल्या लोणच्यासारखं दिसतंय.

छोट्या: तेवढं कापून परत थिंबल बसव ना.

दादा: कापत गेलो, वीतभर आत गेलो तरी हिरवीच. सगळी वायर बदलावी लागणार. मालवणला जाऊन आणतो.

आप्पा: कल्हईची तार मिळाली तर बघ, ती खाऱ्यात टिकता. आणि जोडावर तापवल्यार आवळता ती गोंदवाली नळी चढव. नुसती टेप गुंडाळू नको, टेपेखाली पाणी रवता.

ताई: मग पुण्याचे?

वहिनी: ८:२० लाच आले. शेजारच्या बोटीतून पाठवले. निम्मे पैसे त्यांचे.

दादा (११:४०): झाली! पहिल्या चावीला. काकांची चाचणी परत घेतली, ०.२ आला.

काका: शाबास. आता प्लसची वायरपण वाकवून बघ, तीही तेवढीच जुनी असणार.

दादा: बघितली. तीही हिरवी 😶

वहिनी: परत मालवण. येताना कोथिंबीर आण, सकाळी विसरलास.