चर्चा: लेखक-विचारवंतांच्या मुलाखती तीन तास अखंड, की कापून पाऊण तासात?

टिळकवाडीकर
बेळगावजवळच्या कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांना येणाऱ्या लेखकांना गाठून मुलाखतींचा पॉडकास्ट काढावा, अशी सूचना इथे आली आहे. जरूर काढा, पण तीन-तीन तासांचे भाग नकोत. बीबीसी रेडिओचा 'इन अवर टाइम' हा चर्चेचा कार्यक्रम १९९८ साली सुरू झाला. पाऊण तास, एक विषय, समोर साधारण तीन अभ्यासक, आणि अवघडातला अवघड विषय त्यात बसतो. लांबण लागते ती मुलाखतकाराने पुस्तक वाचलेलं नसतं म्हणून. मग "लहानपण कसं गेलं?" पासून सुरुवात होते आणि मूळ मुद्द्याला हात लागेपर्यंत ऐकणारा निघून गेलेला असतो.

निपाणीची वाचक
मला हे पटत नाही. अमित वर्मांचा 'द सीन अँड द अनसीन' हा मुलाखतींचा पॉडकास्ट २०१७ साली आटोपशीर भागांनी सुरू झाला, पुढे एकेक भाग कित्येक तासांचा झाला, तरी ऐकणारे टिकले. लेखकाकडे ठरलेली उत्तरं तयार असतात. प्रकाशनाच्या कार्यक्रमात आणि वर्तमानपत्राला तो तीच देत आलेला असतो. पहिला अर्धा तास तीच बाहेर पडतात. ती संपली की माणूस थांबत, शब्द शोधत बोलायला लागतो. पाऊण तासात तुमच्या हाती फक्त तयार माल येणार.

टिळकवाडीकर
तयार माल येतो तो प्रश्न ढोबळ असतो म्हणून. "संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीबद्दल सांगा" म्हटलं की भाषणच मिळणार. त्याऐवजी असं विचारा: "१९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तरी १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. या दहा वर्षांत साहित्यिकांचं म्हणणं नेमकं कुठे अडलं?" याला पाठ केलेलं उत्तर नसतं. पुस्तक दोनदा वाचायचं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. लेखक कुठे कचरतो, आधीच्या पुस्तकाच्या विरुद्ध कुठे जातो, तिथे खूण करायची. पाऊण तासाला आठ-दहा प्रश्न पान क्रमांकासह लिहून न्यायचे. त्यातले पाच विचारून झाले तरी पुष्कळ. पाहुण्याला विषय आधी कळवा, प्रश्न नको. प्रश्न पाठवले की तो उत्तरं लिहून आणतो आणि वाचून दाखवतो.

खानापूर रोड
मी कापण्याच्या बाजूचा, पण कापायचं कसं ते आधी ठरवा. दीड तास बोला, पाऊण तास ठेवा. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला संपादनाचे तीन-चार तास सहज जातात, ते धरूनच महिन्याला किती भाग काढायचे ते ठरवा. सुरुवातीला सगळ्यांनी गप्प राहून त्या खोलीची अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करून ठेवायची. कापलेल्या जागी ती भरली नाही तर आवाज मध्येच मेल्यासारखा वाटतो. श्वास अर्ध्यात तोडू नका. आणि सगळेच विराम काढू नका, नाहीतर विचार करून बोलणारा माणूस घाईत असल्यासारखा ऐकू येतो.

निपाणीची वाचक
माझी खरी भीती इथेच आहे. समजा, इतिहासाचा अभ्यासक म्हणतो, "सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात भाषेपेक्षा सोयीला महत्त्व दिलं असावं, बहुतेक, निदान या गावांपुरतं तरी." संपादक "असावं", "बहुतेक" आणि "निदान" अडखळणं समजून काढतो. उरतो तो ठाम आरोप, आणि तोसुद्धा पाहुण्याच्याच आवाजात. दुसरीकडे हे खपून जाईल. आपल्या सीमाभागात चाळीस सेकंदांचा तुकडा संध्याकाळपर्यंत मराठी-कन्नड दोन्ही भाषांतल्या व्हॉट्सअॅप गटांत फिरतो आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला खुलासा करावा लागतो. कापायचंच असेल तर प्रश्न आणि त्याचं उत्तर अख्खं काढा, वाक्याच्या पोटात कात्री नको. शिवाय अखंड मुलाखतीचा मजकूर वेळेच्या खुणांसह सोबत द्या. 'इकॉनटॉक' हा अर्थशास्त्रावरचा पॉडकास्ट २००६ पासून चालू आहे, तिथे संभाषण लेखी वाचायला मिळतं. ज्याला शंका येईल तो ताडून पाहील.

खानापूर रोड
वाक्याच्या पोटात कात्री नको, हे मान्य. अखंड मजकुराचं मात्र अवघड आहे. मराठी-कन्नड मिसळून बोललेलं यंत्र नीट उतरवत नाही, नावं आणि गावं तर हमखास चुकतात. माणसाने बसून तपासायचं म्हणजे तासाला निदान चार तास. ते कोण करणार?

शहापूर पेठ
कन्नड विचारवंतांना का वगळता? प्रश्न मराठीत, उत्तर कन्नडमध्ये, असं इथे दुकानात रोज चालतं की. आपल्याला ते कळतं, पुण्या-कोल्हापूरला कळणार नाही. म्हणून मूळ आवाज चार-पाच सेकंद मोकळा ठेवा, मग खाली घेऊन वर मराठी बोला. पूर्ण पुसू नका.

आणि कितीही तासांचं करा, पण आवाज नीट असू द्या. फरशीच्या रिकाम्या खोलीत घुमतं, तेव्हा गाद्या, जाड पडदे लावा, पंखा बंद करा. प्रत्येकाला वेगळा माइक, तोंडापासून चार बोटं आणि जरा बाजूला, म्हणजे प-फ-भचा फुत्कार थेट आदळत नाही. रेकॉर्ड करताना आवाजाचं टोक मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. पाहुणा लांब असेल तर दोघांनी आपापल्या फोनवर रेकॉर्ड करायचं आणि सुरुवातीला व शेवटी एकेक टाळी द्यायची. तासाभरात दोन फोनची घड्याळं एकमेकांपासून सरकतात. फक्त सुरुवातीची टाळी जुळवली तर शेवटी उत्तर प्रश्नावर चढतं. तयार भागाची पातळी उणे १६ एलयूएफएस (कानाला सरासरी किती मोठं वाटतं त्याचं माप). मोनो (एकाच वाहिनीचा आवाज), ६४ केबीपीएसचा तास साधारण २९ एमबीत बसतो, खानापूरच्या जंगलपट्ट्यातही उतरवता येतो.

निपाणीची वाचक
म्हणजे तीन तास ८७ एमबी. एवढ्यासाठी लेखकाला मध्येच तोडायचं कारण मला तरी दिसत नाही. मजकूर तपासायला मी दर भागाला दोन तास देते. आणखी कोण देणार, नावं सांगा.