ठिबक सिंचनाच्या अनुदानाचे ५५ टक्के आले, वरचे २५ कुठे अडकले? बजेट कळणाऱ्यांनी मदत करा

नमस्कार मंडळी, हे शेतीत टाकावं की राजकारणात ते कळेना म्हणून सरळ इथे विचारतोय.

वडिलांच्या नावावर मोसंबीची बाग आहे, जालना साइडला. गेल्या वर्षी ठिबक केलं. महाडीबीटीवर (सरकारी योजनांचं पोर्टल) अर्ज, पूर्वसंमती, मग खरेदी, बिल अपलोड, मोका तपासणी (शेतात येऊन पाहणी), सगळं रीतसर. साहेबांनी नळ्यांजवळ वडिलांना उभं करून फोटो काढला, तो फोटो वडिलांनी स्टेटसला पण ठेवला होता. आम्ही अल्पभूधारक म्हणजे ८० टक्के अनुदान. त्यातले ५५ टक्के खात्यावर पडले पण उरलेले २५ काही येईनात. तालुक्याला विचारलं की उत्तर ठरलेलं, "वरून निधी नाही, आला की पडेल". डीलरकडे उधारी आहे, त्याचा फोन आला की वडील काही न बोलता मोबाईल माझ्या हातात देतात.

आता मला न कळलेली गोष्ट अशी की राज्याचं २०२५-२६ चं बजेट १० मार्च २०२५ ला मांडलं, ७,००,०२० कोटींचं, अधिवेशनात मागण्या मंजूर झाल्या, विनियोजन विधेयक (तिजोरीतून खर्चाला परवानगी देणारं) पास झालं म्हणजे तो कायदाच झाला ना? मग पैसा कायद्याने मंजूर असताना "निधी नाही" हे कसं काय? आणि नक्की कुठल्या टेबलावर अडकलंय हे आपल्यासारख्या माणसाला बघता येतं का? कृपया पक्षांची धुणी इथे नका धुवू, त्याला बाकीचे धागे आहेत.

*

फेरफार_नक्कल:
आधी बँक खातं आधारला लिंक आहे का बघा, आमच्याकडे निम्म्या लोकांचं तिथेच अडकलं होतं.

धागाकर्ता:
दादा ५५ टक्के त्याच खात्यात आले, मग २५ ला लिंक तुटेल कशी.

*

लेखाशाखा_निवृत्त:
तुमचे ५५ आणि २५ हे एकाच पिशवीतले पैसे नाहीत, घोळ तिथे आहे. ५५ टक्के हे केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' मधले, त्यात केंद्र ६० आणि राज्य ४० असा वाटा. वरचे २५ हे मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतले, ते निव्वळ राज्याच्या तिजोरीतले. मोठ्या शेतकऱ्याला तेच ४५ अधिक ३०. दोन योजना, दोन वेगळी लेखाशीर्षं (सरकारी हिशोबातली खाती), म्हणून एक आलं आणि दुसरं लटकलं. अजून एक, हे टक्के तुमच्या बिलावर नसतात, सरकारने ठरवलेल्या खर्च मर्यादेवर असतात, त्यामुळे येणारी रक्कम तुम्ही मनात धरलीय त्यापेक्षा कमी असू शकते.

कायद्याचं म्हणाल तर विनियोजन कायदा म्हणजे एकत्रित निधीतून एवढ्यापर्यंत काढायची परवानगी. एवढं काढलंच पाहिजे असं त्यात कुठे नाही. वित्त विभाग वर्षभर हप्त्याहप्त्याने सोडतो, तिजोरीची परिस्थिती बघून. यंदाच्या बजेटातच महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखवली होती, तेव्हा हात आखडता असणार हे उघड आहे. वित्त विभागाने हो म्हटलं की कृषी विभाग निधी वितरणाचा जीआर काढतो, मग आयुक्तालय, मग बीम्सवर (निधी वाटपाची सरकारी ऑनलाइन प्रणाली) जिल्ह्याला वाटप, त्यानंतर कुठे बिल कोषागारात जातं. तुमच्या तालुक्याचा साहेब या साखळीच्या शेपटाला बसलाय हो, तो खोटं बोलत नाहीये, पण त्याला पूर्ण माहितीही नसते.

आणि सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती यांची तरतूद वेगवेगळी असते. शेजाऱ्याला मिळाले नि मला नाही, यामागे बऱ्याचदा हेच असतं, लगेच वशिला समजू नका.

*

विहीर_मोटर_लाईट:
पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या (बजेटनंतर मागितलेला जादा खर्च) आल्या होत्या त्यात नाही का काही? आता तर अतिवृष्टीचं ३१,६२८ कोटींचं पॅकेज पण जाहीर झालंय, मला तर वाटतं ठिबकवाले अजून मागे ढकलले जाणार.

लेखाशाखा_निवृत्त:
पुरवणीत काय आलं ते लेखाशीर्षाने बघावं लागतं, एकूण आकड्यावरून काही कळत नाही. पुढची संधी डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात. आमदार ओळखीचे असतील तर निवेदन देऊन फोटो काढत बसू नका, त्यांना या योजनेवर तारांकित प्रश्न टाकायला सांगा, विभागाला आकड्यासकट उत्तर द्यावं लागतं. विधान परिषदेचे आमदारही प्रश्न विचारू शकतात, फक्त मागण्यांवर मतदान विधानसभेतच होतं. ३१ मार्चपर्यंत न वापरलेला पैसा परत जातो, मग पुढच्या वर्षी तुमचं प्रकरण जुनं देणं म्हणून नव्या तरतुदीतून भागवतात. म्हणून फेब्रुवारी मार्चमध्ये पाठ सोडू नका, शेवटच्या आठवड्यात अचानक निधी सुटतो आणि ज्यांची कागदं पूर्ण त्यांचीच बिलं निघतात.

*

धागाकर्ता:
खूप आभार काका, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. पण लेखाशीर्ष शोधायचं कुठे?

लेखाशाखा_निवृत्त:
शासन निर्णयांच्या साइटवर कृषी विभाग निवडा आणि योजनेचं नाव टाका, निधी वितरणाचे जीआर निघतील. खालच्या परिच्छेदात "सदर खर्च मागणी क्रमांक डी-३, २४०१ पीक संवर्धन" असं सुरू होऊन लांबलचक लेखाशीर्ष असतं, ते उतरवून घ्या. तेच बीम्सवर टाकलं की तरतूद किती, वितरित किती ते दिसतं. मग जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. "माझं अनुदान का नाही" असं लिहू नका, त्याला गोलमोल उत्तर येतं. विचारा की या लेखाशीर्षाखाली जिल्ह्याला २०२५-२६ मध्ये किती निधी आला, कुठल्या तारखेला आला, किती खर्च झाला, आणि मोका तपासणी झालेली किती प्रकरणं कुठल्या क्रमाने बाकी आहेत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

फेरफार_नक्कल:
अर्ज वडिलांच्या नावानेच करा, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका तिथून.

धागाकर्ता:
सोमवारी जातो. तोवर डीलरला काय सांगू तेही कोणीतरी सुचवा.